अर्धा सेकंद उशिरा

पहाटे पावणेसहा. शिलाई मशीनवर फोन उभा करते,
टेकायला मागे रिळांचा डबा.
कोंढव्याच्या एका गच्चीवर शाहीन मुलाणी
पाण्याच्या टाकीपुढे उभी राहते, म्हणते,
"चला, कोण कोण उठलंय?"
आणि कोपऱ्यातल्या इवल्या डोळ्याशेजारी आकडा चढतो:
नऊ. सतरा. एकतीस.
त्या एकतिसांत मी एक.

खातं पोराने काढून दिलं, दुकानाच्या नावाने.
म्हणून ती मला म्हणते, "आलात का, दर्शन टेलर्स?
गुडघा काय म्हणतोय?"
गुडघा काय म्हणणार. बावीस वर्षं पायडल मारतोय,
लोकांना त्यांच्या लग्नात वेळेवर पोचवतोय.
डॉक्टरने व्यायाम लिहून दिला होता,
तो कागद मी मापांच्या वहीत घातला
आणि वही मिटली.
कागद विचारत नाही, काल का नाही आलात.
शाहीन विचारते.

तिचं घरही मधेमधे येतं व्यायामाला.
आई धुण्याची बादली घेऊन चौकटीतून आरपार जाते,
एकदा मांजर, एकदा गॅसवाला.
ती थांबत नाही. "श्वास कोंडू नका, तो काही उधारीचा नाही."
तिलाही धाप लागते. हे मला बरं वाटतं.
धाप न लागणाऱ्या बायकांचे व्हिडिओ पोराने दाखवले होते;
त्या कधीच्याच, कुठल्याशा समुद्रापाशी, करून मोकळ्या झालेल्या.
ही आत्ता करतेय. चुकते, आठनंतर पुन्हा सात म्हणते,
आणि एकतीस जण एक सात फुकट करतात.

गेल्या गुरुवारपासून छतात धप्प होतं.
मी "चार"ला टाच आपटली की
क्षणभराने वर: धप्प.
"पाच." धप्प.
आधी वाटलं, कुणी खलबत्ता काढलाय. मग वाटलं, भास.
मग आठवलं, वर तिकोने राहतात.
टेलिफोन खात्यातून निवृत्त, आणि लिफ्टशेजारची
"सकाळी सातच्या आत आदळआपट करणाऱ्यांनी
खाली माणसं राहतात याची नोंद घ्यावी"
ही पाटी त्यांच्याच अक्षरातली.
नेट त्यांचं मंद. आयुष्यभर लोकांच्या लायनी जोडल्या,
स्वतःची अर्धा सेकंद मागे.

जिन्यात भेटलो. त्या विषयावर दोघंही गप्प.
त्यांनी विचारलं, फॉलपिकोचे किती घेता.
हातात साडी नव्हती.

सोमवारी शाहीन पडद्यावर अडकली,
गुडघे वाकलेले, तोंड "बा"वर उघडं;
बारा की बावीस, देव जाणे.
सुटले म्हणून मी चहाकडे वळले,
तेवढ्यात वर धप्प.
त्यांच्याकडे ती चालू होती,
किंवा अडकलेली असूनही तिकोने थांबले नव्हते.
मी छताकडे बघत त्यांच्यामागून गेले,
तेरा, चौदा, थेट विसापर्यंत.
पहिल्यांदाच मी अर्धा सेकंद उशिरा.

आज छत गप्प.
शाहीनने दोनदा विचारलं, "सगळे आहेत ना?"
आकडा एकतीसच, कुणी नवीन आलं असेल,
तिला काय ठाऊक.
मला ठाऊक.
पाचला थांबले, सातला थांबले,
मग जळमटं काढायचा झाडू उचलला
आणि दांड्याने छताला दोन ठोके दिले,
पाटी मोडून, सहाच्या आत.

धायरी फाट्याकडे पहिली पीएमपी खोकत गेली.
"दर्शन टेलर्स, थांबलात का?"
थांबले होते. मान वर करून.

वर काहीतरी सरकलं, खाट असावी,
किंवा खुर्ची.
मग बराच वेळ काही नाही.
मग एक चप्पल. मग दुसरी.
मग, तिचा आठ होऊन गेल्यावर,
आज चांगला सेकंदभर उशिरा,
धप्प.